दुकानाची भिंत हातानं रंगवायचीय? माया लोकांच्या भिंती बघून सोलापुरात कसं करायचं ते

आधीच सांगून टाकतो, मी फ्लेक्सच्या विरोधात नाही. वाढदिवस, सेल, गड्ड्यातला (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेतला) स्टॉल असल्या चार दिवसांच्या कामाला फ्लेक्सच बरा, सकाळी ऑर्डर दिली की संध्याकाळी लटकवता येतो. पण ज्याचं दुकान पुढची आठ-दहा वर्षं त्याच जागी राहणार आहे आणि ज्याच्याकडे स्वतःची किंवा मालकाच्या परवानगीची एक भिंत आहे त्यानं ती हातानं रंगवून घ्यावी, थोडाफार हात वळत असेल तर स्वतःच रंगवावी. आपल्याकडचं ऊन फ्लेक्सला दोन उन्हाळे पण धड काढू देत नाही, आधी लाल-पिवळा उडतो, मग सगळंच निळसर फिकट दिसायला लागतं आणि चालू दुकान बंद पडल्यासारखं वाटतं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर माया लोकांच्या भिंती आहेत. माया म्हटलं की आपल्याला २०१२ ला जग बुडणार होतं तेवढंच आठवतं, पण हे लोक काही इतिहासात जमा झालेले नाहीत. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात, मेक्सिकोच्या दक्षिण भागात, बेलीझमध्ये आजही लाखोंनी राहतात, एकट्या ग्वाटेमालात २२ माया भाषा सरकारनं मानलेल्या आहेत. मक्याची भाकरी खातात, मागावर कापड विणतात, किराणा चालवतात आणि भिंती रंगवतात. विणकर वस्ती, भाकरी, एका गल्लीत तीन भाषा, आता हे ऐकून तुम्हाला सोलापूरचा पूर्व भाग आठवला नाही तर नवल.

भिंत कुणाची ते आधी ठरवा

ब्रश घ्यायच्या आधीचं काम हे आहे आणि बहुतेक लोक इथंच घसरतात.

ग्वाटेमालात खेड्यापाड्यातनं रस्त्याकडेची दुकानं बघितली (फोटो भरपूर सापडतात) तर दोन प्रकार दिसतात. पहिला प्रकार कंपनीचा. मोबाईल कंपनी किंवा कोल्ड्रिंकवाले किंवा बिअरवाले येतात, अख्खी भिंत आपल्या रंगात रंगवून देतात, मोठ्ठा लोगो मारतात आणि दुकानाचं नाव कोपऱ्यात बारीक. दुसऱ्या प्रकारात दुकानदारानं गावातल्याच पेंटरला बोलावून टोमॅटो, अंडी, कोंबडी, साबण, झाडू असं जे विकायला आहे ते एकेक काढून घेतलेलं असतं, खाटकाच्या दारावर गाय, भाकरीवालीच्या दारावर भाकऱ्या. न वाचता येणाऱ्यालाही कळतं आत काय मिळतं.

आपल्याकडं काय वेगळं आहे? अक्कलकोट रोडनं जा, नाहीतर मोहोळकडं जा, सिमेंट आणि मोबाईलच्या भिंती लागतात की नाही बघा. घर कुणाचं, दुकान कुणाचं काही पत्ता नाही, भिंत मात्र कंपनीची. फुकट रंग मिळतो म्हणून लोक हो म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, रंग महाग आहे. पण माझं म्हणणं एवढंच की सौदा करा. त्यांना खालची किंवा बाजूची एक पट्टी द्या आणि बदल्यात सगळ्या भिंतीचा प्रायमर आणि बेस कोट मागा. वरचा दोन तृतीयांश भाग तुमचा. कबूल नसतील तर राहू द्या, नुसत्या किराणावाल्याला ते चालूनही जाईल कारण तो तोच माल विकतो, पण तुमचा स्वतःचा हातचा माल असेल, कडक भाकरी, चटणी, चादर, टॉवेल, तर भिंत अजिबात देऊ नका.

आता माया गावांतली तिसरी तऱ्हा, जी मला सगळ्यात जास्त पटलेली आहे. ग्वाटेमालात आतित्लान नावाचं मोठं तळं आहे, ज्वालामुखीच्या डोंगरांमधे, त्याच्या काठी सान हुआन ला लागुना म्हणून त्सुतुहिल माया लोकांचं गाव. तिथं भिंतींवर माग लावून बसलेल्या बायका, कॉफी तोडणारे, गावातल्या जुन्या रीती असं सगळं रंगवलेलं आहे आणि त्याच गल्ल्यांत बायकांच्या सहकारी संस्थांची दुकानं आहेत जिथं झाडापाल्याच्या रंगात रंगवलेलं सूत आणि कापड मिळतं. "आमच्याकडे कापड योग्य भावात मिळेल" असं लिहायची गरजच पडत नाही, चित्र बघत बघत माणूस दुकानात शिरतो. जाहिरात पण झाली आणि आम्ही कोण ते पण सांगून झालं, दोन्ही एकाच चित्रात. त्याच तळ्याच्या दुसऱ्या बाजूला सांता कातारिना पालोपो, तिथं तर लोकांनी घरांवर बाहेरून आपल्या विपीलची नक्षी काढून घेतलीय, विपील म्हणजे तिथल्या बायका घालतात तो हातमागाचा झंपर. कुठले रंग, कुठली नक्षी हे घरवाल्यांनी स्वतः निवडायचं असं ते काम.

तर आपल्याला हेच करायचंय. माल, तो करणारे हात आणि पेठेची नक्षी, तिन्ही एका भिंतीवर.

काय काढायचं

उदाहरण धरून चालू या म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा पूर्व भागात एक अक्का आहेत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात, दुकानाची बाजूची भिंत बारा फूट लांब, आठ फूट उंच, समोर रस्ता. अशा भिंतीवर तीन गोष्टी पुरतात: भाकऱ्यांची चळत आणि चटणी, परातीत भाकरी थापणारे दोन हात, आणि वर किंवा खाली चादरीच्या नक्षीचा एक पट्टा. आणि नाव. बास. याच्यावर "शुद्ध, चविष्ट, घरगुती, होम डिलिव्हरी, ऑर्डरप्रमाणे" वगैरे सगळं कोंबलं की भिंतीचा पेपर होतो आणि जाता-जाता कुणी पेपर वाचत नाही.

हातांचं चित्र का, तर चेहरा काढला की लफडं होतं. चेहरा जमला नाही तर अक्का नाराज, जमला तर नणंद विचारणार माझा का नाही. हातात बांगड्या दाखवा, मनगटाला पीठ लागलेलं दाखवा, बघणारा ओळखतो.

कालाकमुल म्हणून मेक्सिकोत कांपेचे राज्यात जंगलातलं जुनं माया शहर आहे. तिथल्या चिक नाब नावाच्या भागात २००४ साली एका छोट्या पिरॅमिडच्या बाहेरच्या भिंतींवर चित्रं सापडली, साधारण इसवी सन ६२० ते ७०० च्या मधली. माया चित्र म्हटलं की राजे, कैदी, युद्ध असं असतं, बोनाम्पाक या दुसऱ्या जुन्या माया शहरात बघा, ७९० च्या आसपासची तीन खोल्याभर भित्तिचित्रं, सगळा दरबारी थाट. पण कालाकमुलच्या भिंतीवर साधी माणसं आहेत. एक बाई निळ्या झिरझिरीत कपड्यात मक्याच्या पेजेचं मडकं दुसरीच्या डोक्यावर चढवायला मदत करते, कुणी पेज पितोय, कुणी मिठाची टोपली घेऊन बसलाय, आणि बऱ्याच जणांच्या शेजारी लिहिलंय, मीठवाला, तंबाखूवाला, पेजवाला. ती काही दुकानाची पाटी नव्हती, तसा दावा मी करत नाही, पण चित्र कसं मांडायचं ते तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या पेंटरला पक्कं माहीत होतं: माणूस काहीतरी करताना दाखवा, वस्तू त्याच्या हातात द्या, शेजारी एकच शब्द लिहा. तुमची भिंत बरोबर अशीच करायची.

इतिहास काढायचा मोह होतो, होऊ द्या, पण जागा बघून. ग्वाटेमालातच सान हुआन कोमालापा म्हणून काक्चिकेल मायांचं गाव आहे, तिथं रस्त्याकडेच्या लांब भिंतीवर गावच्या तरुण पोरांनी आणि चित्रकारांनी अख्खा इतिहास रंगवलाय, स्पॅनिश आले ते, ४ फेब्रुवारी १९७६ चा भूकंप, आणि १९६० ते १९९६ चाललेलं यादवी युद्ध ज्यात मारले गेलेले बहुतेक माया होते. ती गावाची भिंत आहे, तिथं विकायला काही नाही म्हणून ते शोभतं. आपल्याकडं पण १९३० चा मार्शल लॉ आहे, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन आहेत, जुनी मिल आहे. शाळेची भिंत, वाचनालयाची भिंत, तालमीची भिंत असेल तर जरूर काढा. पण हुतात्म्यांच्या चित्राखाली फरसाणचा भाव नको. आणि कोण थुंकू नये म्हणून खाली देवाच्या टाइल्स लावायच्या तो प्रकार मला अजिबात पटत नाही, त्यापेक्षा खालचे दीड फूट सरळ गडद तपकिरी रंगवा, धूळ पण झाकते.

भिंत तयार करणं

कंटाळवाणं काम आहे पण सगळं ह्याच्यावर टिकतं. नवीन प्लास्टर असेल तर निदान महिनाभर थांबा, आतली ओल निघू दे. जुनी भिंत असेल तर पोपडे लोखंडी पत्तीनं खरवडा, तारेच्या ब्रशनं घासा, आणि कुठं पांढरी पावडर फुटलेली दिसली म्हणजे लोणा लागलाय. लोणा लागलेल्या जागी रंग मारला की सहा महिन्यांत रंगासकट सगळं फुगून खाली. आधी ओल कुठून येते बघा, पन्हाळी फुटलीय का, शेजारच्याच्या टाकीचं पाणी भिंतीतनं उतरतंय का, ते मिटवा, भिंत पूर्ण सुकवा, कोरड्या ब्रशनं लोणा झाडा, मगच पुढं. धुवायची असेल तर नळाला पाणी यायच्या दिवसाशी मेळ घाला, टँकरच्या पाण्यानं भिंत धुणं जिवावर येतं.

भेगा एक्सटीरियर पुट्टीनं भरा, आतल्या खोलीची साधी पुट्टी बाहेर चालत नाही, पहिल्या पावसात लगदा होतो. १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा, एक हात एक्सटीरियर प्रायमर, त्यावर दोन हात एक्सटीरियर इमल्शन. एक लिटरमधे दोन हात धरून साधारण पन्नास-साठ चौरस फूट होतात, म्हणजे बारा बाय आठची आपली भिंत ९६ चौरस फूट, दोन लिटर घ्या. बेस पांढराफेक नको, उन्हात डोळे दिपतात आणि धूळ बसली की घाण दिसतो, किंचित पिवडी (पिवळी माती) टाकून दुधाळ करा.

जुन्या वाड्याची चुन्याची भिंत असेल तर वेगळी गोष्ट. त्यावर प्लास्टिक पेंट मारू नका, चुना श्वास घेतो, वरनं प्लास्टिकनं तोंड बांधलं की ओल आतच कुजते. माया लोकांचा सगळा कारभार चुन्यावरच होता, चुनखडी भाजून, गिलावा घोटून त्यावर रंग. मेक्सिकोतल्या युकातानमधे आजही चुन्यात चुकुम नावाच्या झाडाची साल उकळून ते पाणी घालतात, त्यानं गिलावा घट्ट होतो आणि पाणी धरत नाही. आपले जुने गवंडी चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचे ते ह्याच कारणानं. तेव्हा वाड्याच्या भिंतीला चुन्याचाच हात द्या, रंगाला गेरू, पिवडी, काजळी असले चुन्यात टिकणारे रंग वापरा. चमक कमी येईल पण दिसायला जे दिसतं ते प्लास्टिकला जन्मात येणार नाही.

दिवस कुठले निवडायचे, तर दसरा ते गड्डा हा काळ एक नंबर. एप्रिल-मे मधे दुपारी ब्रश भिंतीला टेकेपर्यंत रंग वाळतो, ओढला की तुटक रेघ येते. करायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा सावली आल्यावर. पावसाळ्यात भिंत हाताला गार लागली तर सोडून द्या.

चादरीचा पट्टा: चौकटी मोजा

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा लांबवतो.

विपीलची नक्षी आणि सोलापुरी चादरीची नक्षी दोन्हीत एक साम्य आहे, दोन्ही उभ्या-आडव्या धाग्यावर बसलेल्या असतात त्यामुळे गोल कुठंच खरा गोल नसतो, सगळं पायऱ्या-पायऱ्यांचं. मोराची मान बघा, पायऱ्या आहेत. फूल बघा, पायऱ्या. म्हणजे ज्याला चित्रकला येत नाही त्यालासुद्धा ही नक्षी भिंतीवर उतरवता येते, फक्त मोजता आलं पाहिजे. जॅकार्डवाले (नक्षी विणणाऱ्या मागाचे लोक) डिझाईन चौकटीच्या कागदावर काढतात आणि मग त्यावरनं मागाची भोकांची कार्डं पाडतात, आपण तोच कागद भिंतीवर न्यायचा.

घरातली चादर घ्या, तिचा काठ बघा, एकदा नक्षी सुरू होऊन परत तीच सुरू होते तेवढा तुकडा निवडा. ग्राफ पेपरवर तो जरा सोपा करून उतरवा, समजा २४ घरं लांब आणि ९ घरं उंच बसला. भिंतीवर एक घर दोन इंचाचं धरा, म्हणजे एक तुकडा चार फूट, आणि आपल्या बारा फुटी भिंतीवर बरोबर तीनदा बसतो, उंची दीड फूट. तुमच्या भिंतीचा हिशोब असा सरळ बसला नाही तर घर पावणेदोन इंचाचं करा किंवा दोन्ही टोकांना साधा पट्टा सोडा, नक्षी मधेच कापू नका, डोळ्याला खटकतं.

मग दोरी. सुती दोरीला निळीची नाहीतर गेरूची पावडर चोळायची, दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मधे चिमटीत पकडून सोडायची, फट्ट, सरळ रेघ. आडव्या रेघांना पाणसळ लावा, उभ्यांना ओळंबा. भिंत स्वतः तिरकी असते आणि रस्ता पण उताराचा असतो, म्हणून डोळ्याच्या भरवशावर राहू नका. चौकटी पडल्या की ग्राफ बघून प्रत्येक घरात खडूनं रंगाचा नंबर टाका, १ म्हणजे लाल, २ म्हणजे काळा, असं. त्यानंतर रंग भरायला शाळेतलं पोरगं पण चालतं, आणि खरं सांगू का, चालतं कशाला, बोलवाच, गल्लीतली पोरं ज्या भिंतीवर हात लावतात ती भिंत नंतर कुणी खराब करत नाही.

मोठ्या चित्रासाठी पण हीच चौकट, फक्त घरं एक-एक फुटाची. सिनेमाची होर्डिंगं अशीच रंगायची, आपल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत आधी हेच काम करायचे.

अक्षरं

देवनागरीत इंग्रजीसारखं दोन रेघांमधे बसवून चालत नाही, वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. शिरोरेघेपासून खाली अक्षराचं अंग आठ इंच ठेवलंत तर वर चार इंच आणि खाली चार इंच मोकळं धरा, म्हणजे एका ओळीला सोळा इंच लागतात. लोक हे विसरतात आणि मग "भाकरी"ची वेलांटी नक्षीत घुसते.

आकार किती, तर दर दहा फूट अंतराला एक इंच हे कमीत कमी. समोरच्या फुटपाथवरून चाळीस फूट असेल तर चार इंच, पण गाडीवरून जाणाऱ्याला वाचता यावं असं वाटत असेल तर दुप्पट, म्हणून आठ. अक्षराची जाडी अंगाच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी, आठ इंचाला दीड इंच, आणि दीड इंची चपटा ब्रश घेतला की एका ओढीत दांडी होते. आधी खडूनं सगळं लिहा, रस्ता ओलांडून पलीकडं जा, बघा, परत या, दुरुस्त करा. अंतर पट्टीनं मोजू नका, काना बारीक असतो आणि क पोटवाला असतो, सारखं अंतर ठेवलं की उलट वेडंवाकडं दिसतं, डोळ्यानं ठरवा. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, हाताखाली काठी टेकवून, श्वास धरून एका दमात.

भाषेचं. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत असलीच पाहिजे आणि दुसऱ्या भाषेची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, २०२२ च्या दुरुस्तीनं हा नियम छोट्या दुकानांनाही लागू आहे. पण त्याखाली तेलुगू, कन्नड लिहायला कुणाची ना नाही आणि पूर्व भागात तर लिहाच. माया गावांतही स्पॅनिशच्या जोडीनं काक्चिकेल, त्सुतुहिल शब्द भिंतींवर येतात, आपली भाषा भिंतीवर दिसली की म्हातारी माणसं थांबतात. फक्त तेलुगू येणाऱ्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या आणि भिंतीवर काढल्यावर त्यालाच परत दाखवा, वळणाची लिपी आहे, एक गाठ इकडची तिकडं झाली की अक्षर बदलतं.

रंग आणि भाकरी

ऊन बघून रंग घ्या. भडक लाल आणि लिंबू पिवळा लवकर उडतात, विटकरी लाल, हिरमिजी, पिवडीचा पिवळा, काळा हे टिकतात कारण ते लोखंडाच्या मातीचे किंवा काजळीचे रंग आहेत. निळ्याची गंमत वेगळी. माया लोकांचा निळा हजार-बाराशे वर्षांनंतरही भिंतींवर तसाच आहे. तो केला कसा, तर निळीच्या पाल्याचा रंग आणि पॅलिगोर्स्काइट नावाची एक पांढरी माती एकत्र करून तापवायची, रंगाचे कण मातीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात आणि मग त्याला ऊन, पाऊस, ॲसिड काही करत नाही. नुसती नीळ उन्हात फिकी पडते. आपल्याला हे घरी करायची गरज नाही, दुकानातून घेताना स्टेनरवर (रंगात मिसळायच्या रंगाच्या बाटलीवर) बाहेरच्या भिंतीसाठी लिहिलंय का तेवढं बघा. आणि चार-पाच रंगांच्या वर जाऊ नका, चादरीत तरी किती असतात?

आता कडक भाकरी. सगळे ती पांढरी गोल काढतात आणि ती डिश अँटेना दिसते. भाकरीचा रंग पांढरा नसतो, पांढऱ्यात पिवडी आणि अगदी सुईच्या टोकाएवढा काळा घाला, ज्वारीचा मळकट दुधी रंग येतो. कड पूर्ण गोल नको, कुठं उचललेली, कुठं चिरलेली. कडेला पातळ तपकिरी. मग जवळजवळ कोरडा ब्रश घेऊन, रंग फडक्याला पुसून, तव्याचे डाग नुसते टेकवत जायचं, मधे मोठे, कडेला बारीक, दोन-तीन डाग काळ्याच्या जवळचे. चळत काढताना कडांच्या रेघा समांतर मारू नका, कडक भाकऱ्या एकावर एक कधीच सपाट बसत नाहीत, मधे फटी असतात, त्या फटींत गडद तपकिरी भरा म्हणजे चळत उभी राहते. पुढं एक मोडलेली भाकरी ठेवा, तिचा कडेचा पातळपणा दाखवा, त्यावरनंच ती कडक आहे हे कळतं.

शेंगाचटणी म्हणजे लाल ढीग नव्हे. आधी सगळा गोळा विटकरी-काळपट लाल, त्यावर पिवडीचे बारीक ठिपके म्हणजे कुटलेले दाणे, आणि शेवटी एका बाजूला दुधाळ रंगाच्या दोन-चार छोट्या चमका. ते तेल. तेल दिसलं नाही तर सोलापूरचा माणूस म्हणणार ही कुठली चटणी ओ.

म्हणणार म्हणजे म्हणणारच. रस्त्यावर रंगवताना मागं माणसं उभी राहतात, "काय करूलालाव ओ पेंटर?" पासून सुरुवात होते आणि मग प्रत्येकाचं मत. ऐका. अक्का जर म्हणाल्या, "अण्णा, भाकरी थापताना अंगठा असा नसतोय की," तर त्यांना परातीसमोर बसवून बघा आणि अंगठा बदला, त्या विषयात तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. रंगाबद्दल मात्र सगळ्यांचं ऐकत बसलात तर भिंत होळीची होईल.

परवानगी, फोटो आणि बाकीचं

भिंत भाड्याच्या दुकानाची असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. सार्वजनिक भिंतीवर, पुलावर, सरकारी कंपाउंडवर न विचारता काहीही काढलं तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, दंड होतो. आणि स्वतःच्या भिंतीवरही जाहिरात म्हणून महापालिकेची परवानगी किंवा फी लागते का ते झोन ऑफिसला जाऊन आधी विचारा.

काम चालू असताना ग्राफचा कागद, रंगांचे नंबर आणि डब्यावरचे शेड कोड एका वहीत चिकटवून ठेवा. मेक्सिकोच्या चियापास राज्यात तानिपेर्ला नावाच्या गावात माया लोकांनी मिळून पंचायतीच्या इमारतीवर मोठं चित्र काढलं होतं, १९९८ च्या एप्रिलमधे ते पूर्ण झाल्या झाल्या लष्कर आणि पोलिसांनी धाड टाकून ते पुसलं. पण फोटो शिल्लक होते, त्यावरनं वेगवेगळ्या देशांत लोकांनी तेच चित्र परत परत रंगवलं. तुमच्या भिंतीवर लष्कर येणार नाही, रस्ता रुंदीकरण येईल, नाहीतर मालक दुकान पाडून कॉम्प्लेक्स बांधेल. वही असली तर पुढच्या भिंतीवर आठवड्यात परत उभं करता येतं.

वरनं क्लिअर कोट मारायचा का असं बरेच जण विचारतात. एक्सटीरियर इमल्शनला गरज नसते, आणि स्वस्तातला वॉर्निश तर मारूच नका, वर्षभरात पिवळा पडतो. दर दिवाळीला ओल्या फडक्यानं धूळ पुसा आणि काळ्या रेघा तेवढ्या परत ओढा, काळं गडद असलं की बाकीचं फिकं झालेलं लक्षात येत नाही.

खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि साल टाका, पोरांनी रंग भरला असेल तर त्यांची पण नावं. मोबाईल नंबर नक्षीत किंवा नावाच्या ओळीत घालू नका, त्याला बेसच्या रंगाची वेगळी चौकट सोडा, म्हणजे नंबर बदलला तर तेवढीच चौकट पुसून नवा लिहिता येतो. आणि पेमेंटचा क्यूआर कोड हातानं रंगवायच्या भानगडीत पडू नका, तो छापूनच काउंटरवर लावा.